ठिणगी पडण्याआधी

(अग्निशमन सेवा सप्ताहानिमित्त संस्थेच्या सभागृहात सभासदांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



कमिटीने मला सांगितलं, "काका, अर्धा तास बोला, पण माईकवर जरा हळू बोला." चूक माझी नाही. चौतीस वर्षं वेल्डिंग शॉपमध्ये काढली. तिथे हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. आज मात्र मला हळू बोलूनही तुम्हाला ऐकवायचं आहे, कारण विषय आपल्या घरादाराचा आहे.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या बोटीवर आग लागली. बोटीत कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या स्फोटात गेले. म्हणून दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या जवानांना मनातल्या मनात नमस्कार करून सुरुवात करतो.

आता आपल्याकडे येऊ. इमारतीला पंचवीस वर्षं झाली. आनंदाची गोष्ट आहे, पण पंचवीस वर्षांची इमारत म्हणजे दुखणीही आली. दोन्ही विंगच्या लिफ्ट बदलायच्या आहेत. पाण्याचे जीआय पाइप सडलेत. गच्चीवर पत्र्याची शेड घालायची आहे. बाहेरून परांची बांधून प्लॅस्टर आणि रंग करायचा आहे. सर्वसाधारण सभेत तुम्ही सगळ्यांनी हात वर करून मंजुरी दिलीत. या प्रत्येक कामात कुठे ना कुठे वेल्डिंग आहे, गॅस कटिंग आहे किंवा ग्राइंडर आहे. म्हणजे पुढचं वर्षभर आपल्या डोक्यावर ठिणग्या उडणार आहेत.

तुम्ही म्हणाल, वेल्डरचं काम वेल्डर बघेल, आम्ही कशाला शिकायचं? याचं उत्तर म्हणून आपल्याच सोसायटीतली एक गोष्ट सांगतो. जुन्या लोकांना आठवत असेल.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात चौथ्या मजल्यावर ग्रिल बसवत होते. दुपारी एकला काम संपलं, माणसं सामान उचलून गेली. चारच्या सुमाराला दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून धूर यायला लागला. तिथे कापसाची गादी उन्हात टाकलेली होती. घराला कुलूप. नशिबाने किल्ली समोरच्या ताईंकडे ठेवलेली होती. त्यांनी दार उघडलं, दोन बादल्या पाणी ओतलं, गादी खाली फेकली. नुकसान म्हणाल तर एक गादी आणि एक पडदा.

पण लक्षात घ्या, ठिणगी पडली एकच्या आत आणि धूर दिसला चारला. कापूस, काथ्या, लाकडाचा भुसा यांचं हे असंच असतं. ज्वाळा दिसत नाही, आतल्या आत धुमसतं. वारा मिळाला की पेट घेतं.

आणि आता एक कबुली. त्या दिवशी बाराच्या सुमाराला मी भाजी घेऊन खालून येत होतो. वर काम चाललेलं पाहिलं. खाली पत्रा नाही, कुणी माणूस उभा नाही, ठिणग्या सरळ खालच्या बाल्कन्यांत पडताहेत. मला दिसलं, कळलंही. पण मनात म्हटलं, दुसऱ्याच्या कामात कशाला बोला, लोक म्हणतील रिटायर झाला तरी सुपरवायझरकी जात नाही. आणि मी घरी जाऊन जेवलो. ज्याला कळतं तो बोलला नाही, आणि धावून गेल्या त्या ताई. ही गोष्ट मला चार वर्षं टोचते आहे. आज उभा राहिलो त्याचं खरं कारण ते आहे.

आपली गोष्ट गादीवर निभावली. सगळीकडे निभावत नाही. तीन उदाहरणं देतो.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर ११ एप्रिल १९९६ ला वरच्या रस्त्याच्या सांध्यात वेल्डिंग चालू होतं. ठिणग्या फटीतून खालच्या छताच्या आतल्या थर्माकोलसारख्या इन्सुलेशनवर पडल्या. १७ माणसं गेली. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला हाँगकाँगच्या गार्ली बिल्डिंगमध्ये लिफ्ट बदलण्याचं काम चालू होतं. वेल्डिंगने लिफ्टच्या विहिरीत आग लागली, दारं काढलेली होती, विहिरीचं धुराडं झालं. ४१ बळी. आणि १५ नोव्हेंबर २०१० ला शांघायमध्ये २८ मजली निवासी इमारतीला बाहेरून परांची बांधून दुरुस्ती चालली होती. वेल्डिंगच्या ठिणगीने परांचीची जाळी आणि फोम पेटला. ५८ माणसं गेली. वेल्डिंग करणाऱ्यांकडे परवाने नव्हते.

लिफ्ट, परांची, जाळी. आपल्या मंजूर कामांची यादी काढून पाहा. म्हणून म्हणतो, ऐका.

वेल्डिंगच्या आर्कचं तापमान सहा हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. लोखंड साधारण दीड हजाराला वितळतं. ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा थेंब. सपाट जमिनीवर ती दहा-अकरा मीटरपर्यंत जाऊ शकते, आणि उंचावरून पडली तर वाऱ्याबरोबर आणखी लांब. ती पाइपाच्या भोकातून, डक्टमधून, दाराच्या फटीतून खाली जाते. म्हणून पहिला नियम असा की काम जिथे आहे तिथलं तर बघाच, पण जास्त बघा खाली. बाल्कनीतल्या गाद्या, वाळत घातलेले कपडे, रद्दी, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, पार्किंगमधल्या गाड्यांची प्लॅस्टिकची कव्हरं, सगळं आत घ्या किंवा हलवा. हलत नसेल तर पत्र्याने झाका. प्लॅस्टिकचा कागद टाकून काही होत नाही, तो स्वतःच पेटतो.

दुसरा नियम, पहारा. वेल्डरच्या डोळ्यासमोर काळी काच असते, त्याला आर्कशिवाय काही दिसत नाही. आग लागलेली त्याला सगळ्यात शेवटी कळते. म्हणून एक माणूस फक्त बघायला हवा. त्याने रॉड द्यायचे नाहीत, चहा आणायला जायचं नाही. हाताशी पाण्याची बादली, वाळू आणि एबीसी पावडरचं अग्निशामक. त्याचा काटा हिरव्यात आहे ना, हे आधी बघून घ्यायचं. वेल्डिंग मशिनला आग लागली तर आधी वीज बंद, मगच पुढचं. मशिनवर पाणी ओतायचं नाही. आणि काम संपल्यावर त्याने किमान तासभर तिथेच थांबून खालच्या मजल्यांपर्यंत पाहून यायचं. आपली गादी आठवा.

आता वीज. आपल्याकडे दृश्य ठरलेलं आहे. मीटर रूममधून वायर आणायची, प्लग नाही, उघडी तारेची टोकं सॉकेटमध्ये घालायची आणि काडेपेटीच्या काड्या खुपसायच्या. हे दिसलं की काम तिथेच थांबवा. योग्य प्लग, अखंड केबल आणि ईएलसीबी पाहिजेच. पण ईएलसीबी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ती मशिनच्या आधीच्या विजेवर लक्ष ठेवते. मशिनच्या पुढे, होल्डरपर्यंत जी वीज जाते ती वेगळी असते, आणि त्या बाजूचा शॉक लागला तर ईएलसीबी पडत नाही. रॉड टेकवलेला नसताना होल्डरवर ऐंशी व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. कोरड्या हाताला कदाचित झिणझिण्या येतील. पण घामाने भिजलेला माणूस, ओली गच्ची, लोखंडी टाकी, अशा ठिकाणी तेवढ्याने जीव जातो. म्हणून पावसात बाहेर वेल्डिंग नाही, फुटका होल्डर नाही आणि उघड्या हाताने रॉड बदलणं नाही.

अर्थिंगची पकड, म्हणजे जी तार आपण जॉबला लावतो, ती जॉबलाच आणि जवळ लावायची. आळसाने ती लांब कुठल्या तरी ग्रिलला किंवा पाइपाला अडकवली की करंट परत यायला मिळेल तो रस्ता धरतो. लिफ्टच्या दोरातून येईल, बेअरिंगमधून येईल, कुणाच्या घरातल्या अर्थिंगच्या तारेतून येईल आणि ती तार तापवेल. गॅसच्या पाइपलाइनला तर पकड चुकूनही लागता कामा नये. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी चालू कामापासून लांब राहावं आणि आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं.

बालगोपाळांनो, आता तुमच्यासाठी. तो निळा-पांढरा प्रकाश बघायला मजा वाटते ना? त्यात अतिनील किरण असतात. त्या वेळी काही होत नाही. घरी येऊन तुम्ही खेळता, जेवता. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बरोबर रात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. कामगार म्हणतात, "आर्क लागली." बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं होतं, पण डॉक्टरांना दाखवायचं. मिटलेल्या डोळ्यांवर गार पाण्याची पट्टी चालेल. डोळ्यात दूध, गुलाबपाणी असलं काही घालायचं नाही, आणि बधिर करणारे थेंब परस्पर आणून वारंवार तर मुळीच घालायचे नाहीत, बुबुळाला इजा होते. साधा काळा गॉगल याला चालत नाही. वेल्डरला दहा-अकरा नंबरची काच लागते. आणि मोठ्यांनो, जिन्याजवळ काम असेल तर आडोसा करायला सांगा. पांढऱ्या भिंतीवरून परतलेला प्रकाशही त्रास देतो.

धुराचंही तसंच. जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो. त्याच्यावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर येतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी. माणूस म्हणतो, व्हायरल झालं. गूळ खाल्ला, दूध प्यायलं की धूर निघून जातो, असा आमच्या शॉपमध्येही समज होता. गूळ खा, दूध प्या, पण त्याने धूर निघत नाही. जस्त आधी घासून काढणं, मोकळी हवा आणि योग्य मास्क हाच उपाय. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. पाण्याच्या टाकीत उतरून काम करणाऱ्याला तर हवा खेळती ठेवल्याशिवाय आणि तोंडाशी दुसरा माणूस बसवल्याशिवाय आत जाऊच द्यायचं नाही. जेवायच्या सुट्टीत टॉर्च आणि नळ्या टाकीत सोडायच्या नाहीत. गळलेला गॅस आत साठतो, आणि परत आल्यावर पहिली काडी शेवटची ठरते.

आता सिलिंडर. ऑक्सिजनचं सिलिंडर काळं असतं, ॲसिटिलीनचं मरून. ऑक्सिजनचा दाब भरलेला असताना दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास. ते आडवं पडून तोंडाचा व्हॉल्व्ह तुटला, तर साठ-सत्तर किलोचं लोखंड रॉकेटसारखं सुटतं आणि विटांची भिंत त्याला अडवत नाही. म्हणून सिलिंडर उभं, साखळीने बांधलेलं, न्यायचं तर टोपी लावून ट्रॉलीवरून. जिन्यावरून गडगडत नाही. आणि लिफ्टमधून माणसांबरोबर तर नाहीच. बंद लिफ्टमध्ये गॅस गळला तर पळायला जागा नसते.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला भन्नाट जाळतो. आमच्या शॉपमधली गोष्ट. एका मदतनीस पोराला रेग्युलेटरची नट घट्ट वाटली. त्याने आपलं डोकं लावून तिला ग्रीस लावलं. सायकलची चेन असती तर मी त्याला शाबासकी दिली असती. त्याने व्हॉल्व्ह झटक्यात उघडला. दाबाखालचा ऑक्सिजन एकदम आत शिरला की तापतो, आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीसला पेटायला काडी लागत नाही. भप्पकन ज्वाळा आली. भुवया गेल्या, उजवा हात भाजला. डोळे वाचले ते बाजूला उभा होता म्हणून. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगण्याचं काम आमचं होतं. तेव्हापासून माझं वाक्य ठरलेलं आहे, ऑक्सिजनला तेलाचं बोटही लागता कामा नये. व्हॉल्व्ह हळू उघडायचा, रेग्युलेटरच्या समोर उभं राहायचं नाही. ऑक्सिजनने अंगावरची धूळ उडवायची नाही आणि टाकीत "जरा हवा सोडतो" म्हणून तो सोडायचा नाही. कपड्यात ऑक्सिजन मुरला की एक ठिणगी पुरते.

ॲसिटिलीनची तऱ्हा वेगळी. सिलिंडरच्या आत सच्छिद्र भरण असतं, त्यात ॲसिटोन, आणि त्यात गॅस विरघळवलेला. म्हणून ते कायम उभंच हवं, आडवं केलं तर ॲसिटोन बाहेर येतं. रेग्युलेटरनंतर त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या वर न्यायचा नाही, कारण त्यापुढे हा गॅस हवेशिवायही फुटू शकतो. तांब्याच्या नळीचा तुकडा जोड म्हणून लावायचा नाही, तांब्याशी त्याचं स्फोटक संयुग होतं. दोन्ही गॅसच्या लायनीला फ्लॅशबॅक अरेस्टर हवा. ज्वाळा टॉर्चमधून मागे नळीत शिरली, तर तिला सिलिंडरपर्यंत पोचू न देणारा हा द्वारपाल आहे. नळ्यांवर तार पिळलेली दिसली तर समजा कंत्राटदार पैसे वाचवतोय. तिथे क्लिपच हवी. गळती साबणाच्या पाण्याने बघायची, काडी पेटवून नाही. आणि ॲसिटिलीनचं सिलिंडर स्वतःहून गरम लागलं, तर शूरपणा नको. सगळ्यांनी लांब जायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावायचा.

बरेच जण हल्ली कटिंगला एलपीजी वापरतात. त्यासाठी आपलं १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर मागायला कुणी आलं तर देऊ नका. ते बेकायदा आहे. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये, ड्रेनेजच्या चेंबरजवळ किंवा जिन्याखाली ते सिलिंडर ठेवलेलं दिसलं तर लगेच ओरडा. घरी गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि विजेचं बटण ना चालू करायचं ना बंद. मदतीचा नंबर १९०६. सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यापैकी एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं. ती पुढच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर ते घेऊ नका.

आणि एक राहिलं. थिनर, रंग, डिझेल यांचा "रिकामा" ड्रम कापायला किंवा त्यावर बसून वेल्डिंग करायला देऊ नका. भरलेल्यापेक्षा रिकामा वाईट. आत वाफ आणि हवा दोन्ही असतात, म्हणजे बाँबच.

मंडळी, एवढं सगळं तुम्ही पाठ करावं अशी अपेक्षा नाही. माझी कमिटीकडे एकच मागणी आहे. कारखान्यात ठिणगीचं काम करायच्या आधी परवाना लागतो. तसा एका पानाचा परवाना आपण छापू या. त्यात एवढंच असेल :

१. काम कोण, कुठे, किती वाजता करणार. खालच्या सर्व मजल्यांना आदल्या दिवशी कळवलं का.
२. अकरा मीटरच्या आत आणि खाली पेटणारं काही नाही, किंवा झाकलेलं आहे.
३. पहाऱ्याचा माणूस कोण. तो काम संपल्यावर तासभर थांबेल.
४. अग्निशामक, बादली, वाळू हजर.
५. प्लग, केबल, होल्डर, ईएलसीबी, अर्थिंगची पकड पाहिली.
६. सिलिंडर उभे, बांधलेले, दोन्ही अरेस्टर लावलेले, बंद करायची चावी व्हॉल्व्हवरच.
७. काम करणाऱ्यांना बूट, हातमोजे, काच आहे.
८. शेवटचा रॉड संध्याकाळी पाचच्या आत.

खाली कंत्राटदाराची सही आणि कमिटीच्या एका माणसाची. सही नाही, तर वीज नाही. एवढं सोपं.

मला माहीत आहे, कुणी तरी म्हणेल, "काका, कंत्राटदार रेट वाढवेल." वाढवेल. वाढवू द्या. सातवा मुद्दा मी मुद्दाम घातलाय. गच्चीवर जो पोरगा स्लिपर घालून, डोळे किलकिले करून वेल्डिंग करतो, तोही कुणाच्या तरी घरचा आहे. आपण त्याला पाणी विचारतो, चहा देतो, आपल्या सोसायटीचा हा गुण आहेच. तसंच त्याच्या पायात बूट आहेत का हेही विचारू. स्वस्त कोटेशन कशातून स्वस्त झालंय हे आपल्याला दिसतं. दिसूनही आपण गप्प बसलो तर त्यात आपलाही वाटा आहे.

मी एकदा गप्प बसलो. आता यापुढे गच्चीवर काम निघालं की मी खाली उभा दिसेन. कुणी सुपरवायझरकी म्हणालं तरी चालेल. पण मी एकटा पुरणार नाही, वय झालं. तुमच्यातले चार जण माझ्याबरोबर या. व्याख्यान संपलं की नावं द्या, चहा तयार आहे.

पंचवीस वर्षं आपण गुण्यागोविंदाने काढली. समोरच्या घरी किल्ली ठेवायची पद्धत होती म्हणून एक घर वाचलं. ती पद्धत मोडू नका.